घंटा वाजलीच नाही : २१४ गोष्टी तपासताना

१० जानेवारी २०२५. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते आणि फोन आला. "मॅडम, मराठी भाषा संवर्धन पंधरवडा येतोय. तालुक्यातल्या पाचवी ते आठवीच्या मुलांची कथालेखन स्पर्धा घेतोय. तपासणी तुमच्याकडे. तुम्ही मराठीच्याच ना?" मी हो म्हणून मोकळी झाले. पेपर तपासण्यात माझी सोळा वर्षं गेलीत, त्यात नवीन ते काय, असं वाटलं. पुढचे दोन महिने त्या 'हो'ची किंमत मोजत होते. शाळेत कुणावर असं काम येऊन पडलं तर माझ्याइतकं चाचपडायला लागू नये, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आमचा तालुका नाशिक जिल्ह्यातला बागलाण, म्हणजे सटाणा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा कसमादे पट्टा. घरात, शेतात, बाजारात अहिराणी आणि वर्गात पुस्तकातली मराठी, अशी इथली मुलं दिवसातून चार वेळा भाषा बदलतात. हे आधीच सांगून ठेवते, पुढे त्याचंच सगळं झालं.

स्पर्धेसाठी मुलांना पहिलं वाक्य दिलं होतं : 'त्या दिवशी शाळेची घंटा वाजलीच नाही.' तिथून पुढे चाळीस मिनिटांत आपल्या शाळेतच बसून लिहायचं, फुलस्केप कागद पाठपोट. २१ जानेवारीला लेखन झालं आणि २५ तारखेला शनिवारी कांद्याच्या पिशवीत भरलेला गठ्ठा माझ्या घरी आला. २१४ गोष्टी. निकाल २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी लागायचा. सोबत तपासणीचा छापील तक्ता होता : विषयाला धरून लेखन ५, भाषा ५, शुद्धलेखन ५, अक्षर व टापटीप ५. एकूण २०. गोष्ट या शब्दाला त्यात एकही गुण नव्हता, पण तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पहिलं काम मात्र शहाणपणाचं केलं. झेंडावंदन करून आल्यावर प्रत्येक कागदाचा नाव-शाळा लिहिलेला वरचा भाग दुमडून स्टेपल केला आणि खाली १ ते २१४ असे क्रमांक टाकले. डायरीत क्रमांकासमोर नाव. तालुका लहान असतो. कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या हे आडनावावरून कळतं, आणि कळलं की पेन अडखळतं. क्रमांक टाकताना एक घोळ केला, तो पुढे येईलच.

२७ तारखेला रात्री जेवून बसले आणि दीड तासात चाळीस गोष्टी उडवल्या. एका ठिकाणी बिबट्या शाळेत शिरला म्हणून घंटा वाजली नाही. दुसऱ्या ठिकाणीही बिबट्या. चाळिसांत नऊ बिबटे, पाच भुतं, आणि अकरा गोष्टींच्या शेवटी 'आणि मला जाग आली'. जवळजवळ प्रत्येकीखाली रेघ मारून तात्पर्य. बिबट्याच्या गोष्टीखाली 'तात्पर्य : नेहमी खरे बोलावे.' मुलांना काय हसायचं? आपणच शिकवतो. दहावीच्या पेपरात कथालेखनाला पाच गुण, शब्द ऐंशी-नव्वद, त्यात शीर्षक हवं, तात्पर्य हवं. हे आम्ही पाचवीपासूनच घोटून घेतो. मग मूल आधी तात्पर्य ठरवतं आणि त्याच्या मागे गोष्ट ओढत नेतं.

तीन दिवसांनी, सहज म्हणून, त्या चाळिसांतल्या दहा गोष्टी आधीचे गुण न बघता पुन्हा तपासल्या. एकीला आधी १२ दिले होते, आता १६. दुसरीला १५ होते, आता ११. दहापैकी फक्त तिघींचे गुण तेच राहिले. पोटात गोळा आला. स्वतःशीच माझं जमत नव्हतं, तर २१४ मुलांना कुठल्या तोंडाने नंबर देणार?

त्या रात्री झोप लागेना म्हणून फोनवर शोधाशोध करत बसले. १९६१ साली अमेरिकेत एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध, सहा वेगवेगळ्या क्षेत्रांतले ५३ वाचक, आणि सांगितलं एवढंच की आपापल्या समजुतीने नऊ गठ्ठे करा. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की त्यांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. म्हणजे एकाने सगळ्यात वरच्या गठ्ठ्यात टाकलेला निबंध दुसऱ्याने सगळ्यात खाली टाकलेला. पाचांपेक्षा कमी श्रेणी मिळालेला तर एकही नव्हता. वाचून आधी हायसं वाटलं, मग पुढचं वाचलं : वाचकांचे साधारण पाच गट पडत होते. कुणी विचार बघत होतं, कुणी मांडणी, कुणी लेखनाच्या चुका, कुणी शब्दांची निवड, कुणी लिहिणाऱ्याचा स्वतःचा रंग. बेजबाबदार कुणीच नव्हतं, फक्त जो तो वेगळी गोष्ट तपासत होता.

दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की मी एकटी तपासणार नाही, आणखी दोघं द्या. "मानधन नाही हं," असं उत्तर आलं, पण माणसं मिळाली. एक आप्पा, निवृत्त मुख्याध्यापक, शुद्धलेखनात कडक. दुसऱ्या मॅडम, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून गेल्याच वर्षी कोल्हापूरकडून इथल्या एका वस्तीशाळेत आलेल्या.

२ फेब्रुवारी, रविवार. माझ्याच घरी बसलो. चाळिसांच्या बाहेरच्या तीस गोष्टींच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. तिघांनी एकमेकांना न दाखवता छापील तक्त्यावर गुण द्यायचे. संध्याकाळी आकडे शेजारी शेजारी मांडले. तीसपैकी एकोणीस गोष्टींत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुणांत चारहून जास्त फरक. सगळ्यात मोठी दरी क्रमांक १३७ मध्ये : आप्पांचे ७, मॅडमचे ११, माझे १६.

ही गोष्ट जरा सावकाश सांगते.

सातवीतला मुलगा. त्याची आई रोज कांदे लावायला मजुरीने जाते. मजुरांची पिकअप गाडी फाट्यावर येते ती शाळेच्या पहिल्या घंटेच्या वेळी. आईकडे घड्याळ नाही, घंटा वाजली की ती निघते. त्या दिवशी घंटा वाजलीच नाही. आई भाकरी थापत राहिली. मग माय-लेकाचं बोलणं :

'माय, तू आज कथा जाशी?'
'कथाच नही. गाडी गई.'

मग आई त्याला गरम भाकरी वाढते, तव्यावर मिरची ठेचते, चुलीपाशी दोघं बसतात. तो जेवतो आणि उशिरा शाळेत जातो. शेवटचं वाक्य असं : 'मी शाळेत गेलो. सर सगळ्यांना विचारत होते. माझे दप्तर जड झाले होते.'

मॅडमनी 'कथा' या शब्दाभोवती दोन्ही ठिकाणी गोल करून समासात 'अर्थबोध नाही' लिहिलं होतं. आप्पा इतके हसले की चहा सांडला. "अहो मॅडम, कथा म्हणजे कुठे! कथा जाशी, म्हणजे कुठे जाणार." आम्ही कथालेखन तपासत होतो आणि 'कथा' हाच शब्द चुकीचा ठरत होता.

पण आप्पांना सगळं कळूनही त्यांनी सातच का दिले? "शेवट कुठंय? घंटा का वाजली नाही ते सांगितलंच नाही. आणि परीक्षेच्या कागदावर अहिराणी कशाला?" मी म्हटलं, आप्पा, शेवटची ओळ परत वाचा. त्यांनी चष्मा सारखा केला, कागद उलटा केला. ओळ पाठीमागच्या बाजूला एकटीच होती, त्यांनी पान उलटलंच नव्हतं. वाचली. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टोल यानेच पळवला का रे!"

आमच्याकडे बऱ्याच शाळांत घंटा म्हणजे टांगलेला लोखंडाचा तुकडा आणि त्यावर मारायची लोखंडी दांडी. त्या दांडीला टोल म्हणतात. पोराने टोल दप्तरात घातला होता, आई एक दिवस घरी राहावी म्हणून. आणि हे त्याने कुठेही लिहिलं नव्हतं.

तरीही आप्पा सातावरून अकरापर्यंतच आले. "मला आवडली म्हणून शुद्धलेखनाचे गुण कसे वाढवू? तक्त्यात गोष्टीला जागा कुठंय?" बरोबर होतं त्यांचं. चूक आप्पांची नव्हती, तक्त्याची होती.

त्या आठवड्यात तक्ता नव्याने केला. प्रशिक्षणात रुब्रिक, म्हणजे निकष आणि त्यांच्या पायऱ्यांचा तक्ता, हा शब्द दहा वेळा ऐकला होता, फाइलला लावलाही होता. बनवायला बसल्यावर कळलं की चार पायऱ्यांना 'उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा हवी' अशी नावं दिली की काहीच होत नाही, कारण 'चांगले' म्हणजे काय यावरच तर भांडण आहे. प्रत्येक पायरीला कागदावर काय दिसेल ते लिहायला लागतं.

अक्षराचा रकाना सगळ्यात आधी उडाला. वाचता येतंय ना, बस. त्यावर आप्पा दोन दिवस नाराज होते. मी सुचवलेली 'कल्पकता'ही उडाली, कारण तिच्या पायऱ्या तिघांपैकी एकालाही लिहिता येईनात. ज्याला पायरी लिहिता येत नाही त्याला गुण द्यायचे नाहीत, हे मॅडमचं म्हणणं मला अजूनही पटतं. शेवटी पाच निकष राहिले, प्रत्येकी चार गुण : घडण, पात्रं, तपशील, गोष्टीची भाषा आणि लेखननियम.

घडणीसाठी आम्ही 'मग'ची कसोटी लावली. मग आम्ही मैदानात गेलो, मग बिबट्या आला, मग आम्ही पळालो : घटना एकामागून एक येतात, पण एकीमुळे दुसरी घडत नाही. ती दुसरी पायरी. 'मग'च्या जागी 'म्हणून' किंवा 'पण' बसतं, घंटा वाजली नाही म्हणून आई थांबली, तर तिसरी. आणि शेवट सुरुवातीला जाऊन भिडत असेल तर चौथी. तपशिलात 'आईने स्वयंपाक केला' आणि 'आईने तव्यावर मिरची ठेचली' यांत एका पायरीचा फरक. स्वप्नातून जाग येण्याचे गुण कापायचे नाहीत असं ठरलं, पण त्या जाग येण्यामुळे आधीचं सगळं रद्द होत असेल तर घडण दोनच्या वर जात नाही.

बोलीवर दीड तास वाद झाला. ठरलं ते असं : संवादात अहिराणी असेल तर ती चूक नाही, उलट पात्राला शोभत असेल तर गोष्टीच्या भाषेत जमा. निवेदनात प्रमाण मराठी अपेक्षित, पण 'पानी', 'लोनी' असा न-णचा घोळ सबंध गोष्टीत एकदाच मोजायचा. हा नियम जरूर उचला. एकच चूक बारा वेळा करणाऱ्या मुलाला बारा गोष्टी येत नसतात असं नाही, एकच येत नसते.

९ फेब्रुवारीच्या रविवारी नवीन तक्त्यावर आणखी बारा गोष्टी तिघांनी तपासल्या. चारहून जास्त फरक फक्त तीन ठिकाणी आला. त्या बारांतूनच प्रत्येक पायरीला एकेक नमुना निवडला आणि झेरॉक्स करून तिघांनी जवळ ठेवला. तपासताना अडलं की तक्त्यातले शब्द वाचण्यापेक्षा नमुना काढून शेजारी धरणं जास्त उपयोगी पडतं.

मग खरी तपासणी. २१४ गोष्टी, प्रत्येकीचे दोन वाचक, म्हणजे ४२८ वाचनं, माणशी सुमारे १४३. एका गोष्टीला मला सरासरी सहा मिनिटं लागली, म्हणजे चौदा तास. शाळा सांभाळून दहा-अकरा दिवस. एका बैठकीत वीसच्या वर जायचं नाही, हे मोडलं त्या दिवशी शेवटच्या पाचांना मी सरसकट तीन-तीन देत सुटले होते. ते पाच दुसऱ्या दिवशी परत वाचले. पहिलं वाचन हातात पेन न घेता करायचं. पेन असलं की डोळे चुका शोधतात. कागदावर काहीही लिहायचं नाही, गुण वेगळ्या कागदावर, नाहीतर दुसरा वाचक तुमच्या खुणा वाचतो. आणि पान उलटायचं. आप्पांनी ही सूचना स्वतः मोठ्या अक्षरात लिहून तक्त्याच्या डोक्यावर चिकटवली.

मधेच एक वेगळीच अडचण आली. एका शाळेच्या सहा कागदांवर तीच गोष्ट : पहिलं वाक्य दिलेलं, आणि लगेच 'एका गावात एक लोभी शेतकरी राहत होता.' पाठ करून घेतलेली. आप्पा म्हणाले बाद करा. मॅडम म्हणाल्या, मुलांनी सांगितलं तेच केलं, त्यांना कशाला शिक्षा? शेवटी तक्त्यावरच सोडलं. घंटेचा आणि शेतकऱ्याचा संबंध नाही, म्हणून घडणीला एक. बाकी जे दिसेल ते. सहापैकी एका मुलीने मात्र शेवट बदलला होता. तिच्या गोष्टीत शेतकरी सुधारत नाही, नवीन विहीर खणून तिलाही कुलूप लावतो. तिचे गुण बाकीच्या पाचांपेक्षा चारने जास्त आले. तिने कंटाळून केलं असेल का, कोण जाणे.

२० तारखेपर्यंत दोन्ही वाचनं झाली. २१ तारखेला दहावी सुरू झाली, पहिलाच पेपर मराठीचा, दिवसभर पर्यवेक्षण. २२ला शनिवारी फरकाच्या गोष्टी काढल्या. चारहून जास्त फरक असलेल्या ३७ निघाल्या, त्या तिसऱ्या वाचकाकडे गेल्या. सरासरी काढून भागवलं नाही. ७ आणि १६ यांची सरासरी साडेअकरा येते, पण ते मत तिघांपैकी कुणाचंच नसतं.

वर सहा गोष्टी १७-१८च्या घरात अडकल्या. अर्ध्या गुणाने पहिला-दुसरा ठरवायला मन घेईना. तेव्हा जोड्या लावल्या. लुई थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडलेलं तत्त्व आहे : माणसाला एखाद्या गोष्टीला आकडा देणं अवघड जातं, पण दोन समोर ठेवल्या तर यातली कुठली सरस हे तो बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. सहा गोष्टींच्या पंधरा जोड्या. रविवारी, २३ला, तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून पंधरा वेळा फक्त 'ही' किंवा 'ती' लिहिलं. पाऊण तास. पहिल्या दोन जागांवर तिघांचं जवळपास एकमत झालं. १३७ तिसरी आली. आप्पांच्या यादीत ती अजूनही पाचवी होती, आणि त्यांनी ते बदललं नाही.

आता तो घोळ. २५ तारखेला संध्याकाळी डायरी काढून क्रमांकांवरून नावं लिहिली आणि प्रमाणपत्रं लिहायला दिली. २६ला महाशिवरात्रीची सुट्टी. सकाळी काय वाटलं कोण जाणे, पहिल्या सहांच्या पिना उघडून बघितल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या कागदावर नाव वेगळंच! माझ्या घाईच्या अक्षरात १४१ आणि १४९ एकसारखे दिसत होते. आपला १ आणि ९, शेपटीचा तर फरक. हात गार पडले. एका मुलीच्या हातून बक्षीस जाऊन भलत्याच मुलाला मिळालं असतं आणि कुणालाही कधी कळलं नसतं. प्रमाणपत्र परत लिहून घेतलं. तुम्ही क्रमांक टाकाल तेव्हा अंकाबरोबर अक्षरीही लिहा, आणि पीन उघडून नाव बघितल्याशिवाय काहीही जाहीर करू नका.

पदरचा खर्च सांगायचा तर झेरॉक्स २४० आणि ९६, पिना-पाकिटं-कागद ११०, आप्पांच्या गाडीचं पेट्रोल ३००. एकूण ७४६ रुपये, चहा वेगळा. पावत्या दिल्यात. अजून बघतायत.

२७ला कार्यक्रम झाला. एक पालक कार्यक्रमानंतर थांबले होते. त्यांच्या मुलीचा कागद खरंच देखणा होता, समास आखलेला, एक खाडाखोड नाही. "मॅडम, अक्षर एवढं छान, चूक एक नाही, मग नंबर कसा नाही?" पूर्वी मी गुळमुळीत काहीतरी बोलले असते. यावेळी तक्ता दाखवला, नमुना दाखवला, लेखननियमात मुलीला चारपैकी चार आहेत हेही दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं. पटलं असं म्हणाले नाहीत, पण "हा कागद मला द्याल का, तिला दाखवतो" म्हणाले.

त्यावरूनच डोक्यात आलं की नुसता आकडा कळून मुलाला काय मिळणार? म्हणून २१४ जणांना एकेक चिठ्ठी लिहायची ठरवली, जास्तीत जास्त दोन वाक्यं. एक, तुझ्या गोष्टीत मला काय दिसलं. दुसरं, मला काय विचारावंसं वाटलं. तपासणीपेक्षा हे काम जड गेलं. 'छान प्रयत्न' लिहायचं नाही असं ठरवल्यावर प्रत्येक गोष्ट पुन्हा वाचावी लागली. 'तुझा बिबट्या शाळेत शिरला तेव्हा त्याला भूक लागली होती की भीती वाटत होती?' असं एकाला लिहिलं. तिघांनी वाटून घेतलं तरी १२ मार्च उजाडला.

१३७ची शाळा माझ्या जाण्या-येण्याच्या रस्त्यावर आहे, म्हणून त्या शाळेच्या चिठ्ठ्या मीच पोचवल्या. मधली सुट्टी होती. पोरगा हात पुसत आला, अंगाने एवढासा, दप्तर पाठीलाच. चिठ्ठीत मी लिहिलं होतं : 'आई चुलीपाशी बसलेली मला दिसली. दप्तर जड का झालं होतं?' त्याने ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

मी विचारलं, "सांग ना, काय होतं दप्तरात?"

त्याने व्हरांड्यात टांगलेल्या घंटेकडे बघितलं, मग सरांकडे.

"पुस्तकं व्हतात, मॅडम."